जुनं भाड्याचं घर सोडताना : सामानाची यादी, झीज आणि डिपॉझिटचा हिशेब

उंबरठा
नमस्कार मंडळी. दहाएक वर्षं एकाच भाड्याच्या घरात राहून आता ते सोडतोय. नोटीस लेखी दिली आहे, मिळाल्याचं मालकांनी कळवलं आहे. एका महिन्याचंही भाडं थकलेलं नाही. मालक माणूस म्हणून चांगले आहेत, इतक्या वर्षांत आवाज चढलेला नाही. पण परवा घर बघून गेले आणि चपला घालता घालता म्हणाले, "रंग, किचनच्या ट्रॉल्या आणि बाथरूमचं दार, एवढं डिपॉझिटमधून वळतं करून घेऊ." आकडा काही सांगितला नाही.

आता कागदांची अवस्था. पहिल्या कराराच्या शेवटच्या पानावर सामानाची यादी आहे : पंखे, दिवे, गीझर, ट्रॉल्या, दोन कपाटं, पडद्यांचे रॉड. खाली एक ओळ, 'सर्व वस्तू चालू स्थितीत'. संपलं. कोणती वस्तू नवी, कोणती जुनी, कुठे काय उडालंय, काही नाही. पुढे करार दर वेळी नवा झाला, यादी मात्र तीच उतरवली गेली. म्हणजे आजच्या करारात असा एक गीझर आहे जो मालकांनी स्वतःच मधे कधीतरी बदलला. उलट दोन पंखे आमच्या पैशाने, त्यांना विचारून लावले आहेत. यादीनुसार तेही त्यांचेच!

रंग आम्ही राहायला आल्यापासून एकदाही झालेला नाही. तर प्रश्न असा, की या तिन्हींपैकी माझ्याकडून काय घेणं रास्त आहे? आणि भांडण न करता हे बोलायचं कसं?

खटपट्या
आधी एक विचारतो. आत आलात तेव्हाचे फोटो आहेत का? यादीसाठी काढलेलेच हवेत असं नाही. पहिल्या वर्षातला कुणाचा वाढदिवस, पाहुणे आलेले, मुलं ट्रॉलीसमोर बसलेली, काहीही चालेल. जुन्या फोनमध्ये, नातेवाइकांच्या ग्रुपवर शोधा. माणसांच्या मागे भिंत असते, दार असतं, ओटा असतो. फाईलवर तारीखही असते. अशा फोटोंवर हिशेब मिटलेले मी पाहिले आहेत.

दुसरं, सामान हलवण्याच्या आधी मालकांसोबत एक फेरी मारा आणि घर रिकामं झाल्यावर दुसरी. पहिली फेरी बहुतेक लोक टाळतात, कामाची तीच असते. कुठे काय खटकतंय ते तेव्हाच कळलं तर स्वतः दुरुस्त करायला वेळ मिळतो. सैल बिजागरी, वॉशर गेलेला नळ, खिळ्यांची भोकं ही कामं तुम्ही करून घेतलीत तर किरकोळ खर्चात होतात. तीच मालकाने नंतर करून घेतली तर बिलात 'किरकोळ दुरुस्ती' या नावाखाली काय काय येईल सांगता येत नाही. कॅलिफोर्नियात तर शेवटच्या दोन आठवड्यांत अशी आधीची पाहणी मागून घेण्याचा भाडेकरूला कायद्यानेच हक्क आहे, आणि हेतू हाच, की त्याला दोष दुरुस्त करायची संधी मिळावी. आपल्या ठिकाणी तसा नियम नसला तरी विनंती करायला कोण अडवतंय?

गणिती
उंबरठा, तुमच्या यादीत एक खाना मुळातच राहिलाय, वस्तूच्या वयाचा. दीर्घ मुदतीच्या भाडेकरारात सगळा निकाल वयावर लागतो.

ट्रॉल्यांचं बघू. अशा वस्तूचं वापरातलं आयुष्य समजा दहा वर्षं धरलं. तुम्ही आलात तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि तुम्ही आठ वर्षं वापरली, तर तिची किंमत हिशेबाने शून्यावर आली. मग ती तुमच्या हातून तुटली असली तरी नव्या ट्रॉलीचे पैसे तुमच्याकडून घेण्यात अर्थ नाही. आयुष्य बारा वर्षं धरलं तर उरली दोन, म्हणजे जास्तीत जास्त किमतीचा सहावा हिस्सा, तोही नुकसान तुम्ही केलंय हे ठरल्यावर. जुनी वस्तू देऊन नवी परत घेण्याचा धंदा मालकाला डिपॉझिटमधून करता येत नाही.

रंगाचंही तसंच. दहा वर्षं न लावलेल्या रंगाला किंमत कसली उरणार? रंग हा तुम्ही गेल्यावर मालकाला करावाच लागला असता, राहिला असता तरी करावा लागला असता.

आणि मुख्य मुद्दा. डिपॉझिट तुमचे पैसे आहेत, मालकाकडे ठेवलेले. त्यातून काही कापायचं तर कारण, पुरावा आणि रक्कम ही तिन्ही दाखवायची जबाबदारी कापणाऱ्याची. तुम्ही निर्दोष असल्याचं सिद्ध करत बसायचं नाहीये. यादी मोघम आहे याची चिंता तुमच्याइतकी मालकांनाही हवी.

अवलिया
एवढा काथ्याकूट कशाला? शेवटचे दोन-तीन महिने भाडंच देऊ नका, डिपॉझिटमधून वळतं करा म्हणावं. विषय संपला. सगळे हेच करतात. :)

खटपट्या
@अवलिया, सगळे करतात म्हणूनच नंतर रडतात. आत्ता उंबरठांची बाजू स्वच्छ आहे : भाडं वेळेवर, नोटीस वेळेवर. भाडं थांबवलं की करार मोडणारे ते ठरतात, आणि मग मालक नुकसानीचा दावा वेगळा आणि थकबाकीचा वेगळा लावतो. मालकांची लेखी संमती असेल तर गोष्ट निराळी. 'अमुक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून धरलं, उरलेली रक्कम इतकी' असा एका ओळीचा मेसेज दोघांकडून हवा.

अवलिया
मालक मेसेज देईल तर डिपॉझिटही देईल की. असो, मत मागे घेत नाही.

मालकीण
दुसऱ्या बाजूची म्हणून लिहिते. माझं एक घर भाड्याने असतं. वर जे हिशेब लिहिलेत ते बरोबर आहेत, पण धाग्यावर असं वातावरण दिसतंय की मालक म्हणजे टपून बसलेला माणूस. थोडं आमचंही ऐका.

झीज कुठे संपते आणि नुकसान कुठे सुरू होतं हे खोलीत उभं राहिल्यावर बहुतेक वेळा स्पष्ट दिसतं. सोफ्यामागे भिंतीवर आडवी काळपट रेघ, कपाट हलवल्यावर मागे दिसणारा उजळ चौकोन, दाराच्या मुठीभोवती उडालेलं पॉलिश, ही झीज. त्याबद्दल एक शब्द बोलू नये मालकाने. पण मुलांच्या खोलीत छतापर्यंत चिकटवलेले आणि सोलताना प्लास्टरसकट निघालेले स्टिकर, ओट्यावर तापलेलं भांडं ठेवून पडलेली तडा, न विचारता गडद जांभळी केलेली भिंत (जिला झाकायला दोन हात जास्त लागतात), ही झीज नव्हे. खिळ्यांची चार भोकं वेगळी आणि टीव्हीसाठी पाडलेली मुठीएवढी भोकं वेगळी.

आणि एक तिसरा प्रकार असतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही. सुरुवात झीजेने होते, पण भाडेकरू सांगत नाही म्हणून त्याचं नुकसान होतं. सिंकखालचा पाइप ठिबकतोय. पाइप जुना, दोष भाडेकरूचा नाही. पण वर्षभर त्याखाली बादली ठेवून दिवस काढले आणि कपाटाचा तळ कुजून गेला, तर तो तळ कुणाच्या खात्यात? माझ्या मते अर्धा तरी भाडेकरूच्या. म्हणून उंबरठा, तुमच्या बाथरूमच्या दाराचं नेमकं काय झालंय ते सांगा. बहुतेक तिथेच गोम असेल.

उंबरठा
@मालकीण, बरोबर नेम धरलात. दार आतून खालच्या बाजूने फुगलंय. वीतभर पट्टा आहे, तिथला सनमायका सुटून पुढे आलाय, बोटाने दाबला की आतला भुसा ओलसर लागतो. दार आता चौकटीला घासतं, लावताना उचलून घ्यावं लागतं. कारण असं की बाथरूमच्या फरशीचा उतार जाळीकडे नसून दाराकडे आहे. पाणी उंबऱ्याशी साचतं, रोज वायपरने ओढत होतो.

हे मालकांना सांगितलं होतं का, म्हणून जुने मेसेज चाळले. सापडलं! चार वर्षांपूर्वी फोटोसकट पाठवलंय, 'दार खालून फुगायला लागलंय, उतार बघून घ्याल का'. त्यांचं उत्तर : 'हो बघतो पावसाळ्यानंतर'. पुढे कोणीच विषय काढला नाही.

ट्रॉल्यांची चाकं दोन ठिकाणी गेली आहेत आणि एका जाळीला गंज आहे. पहिल्या वर्षीच्या एका फोटोत (खटपट्या, आभार) तीच जाळी दिसतेय आणि गंजाचा ठिपका तेव्हाही आहे.

मालकीण
मग दार तुमच्या खात्यात येत नाही. उतार बांधकामाचा दोष, आणि तुम्ही वेळेत कळवलंय. तो मेसेज आणि त्यांचं उत्तर एकाच स्क्रीनशॉटमध्ये, तारीख दिसेल असं घ्या. मी मालक असते तर तो स्क्रीनशॉट बघून दाराचं नाव काढलं नसतं.

तळटीप
कायद्याचं थोडं. प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे, पण कल सगळीकडे एकाच दिशेने जातो.

भारतात केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. तरी वाचण्यासारखा आहे, कारण नेहमीच्या वादांची उत्तरं त्यात आहेत. राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको. घराचा ताबा परत घेताना, त्याच दिवशी, देणी वजा करून डिपॉझिट परत. आणि परिशिष्टात दुरुस्त्यांची वाटणी आहे : भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप आणि वायरिंग मालकाकडे, नळ आणि त्यांचे वॉशर, गीझरची दुरुस्ती, स्विच-सॉकेट, किचनमधल्या फिटिंगची दुरुस्ती, कड्या-कुलपं, खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे. करारात वेगळं लिहिलं असेल तर अर्थात ते आधी बघायचं. उंबरठांच्या बाबतीत हा नमुना लावला तर रंग मालकांचा आणि ट्रॉल्यांची चाकं उंबरठांची.

इंग्लंडमध्ये एप्रिल २००७ पासून डिपॉझिट मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत ठेवावं लागतं. आता त्याची मुदत पैसे मिळाल्यापासून ३० दिवस आहे. चुकलं तर कोर्ट डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. वाद झाला तर योजनेकडेच मोफत निवाडा होतो, आणि तो कागदांवर होतो, बोलण्यावर नाही. आत येतानाची यादी आणि बाहेर पडतानाची यादी शेजारी शेजारी ठेवतात. पहिली नसेल तर मालकाचा दावा लंगडा पडतो. व्यावसायिक सफाईचे पैसे भरण्याची सक्तीही २०१९ च्या कायद्याने गेली; घर घेतलं तितकंच स्वच्छ परत द्यायचं.

जर्मनीत दोघं मिळून घरभर फिरतात आणि हस्तांतराचा कागद जागेवरच सह्या करून पुरा करतात. तिथे घर परत मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालकाने नुकसानीचा दावा लावला नाही तर तो मुदतबाह्य होतो. मात्र हीटिंग वगैरेचा वार्षिक हिशेब यायचा असेल तर तेवढ्यापुरती काही रक्कम त्याला रोखता येते, त्यामुळे डिपॉझिट दोन टप्प्यांत आलं तर तिकडचे लोक दचकत नाहीत.

गणिती
@तळटीप, छान. यात ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्सची पद्धत मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. मालकाच्या बाजूने घराच्या स्थितीचा तक्ता भरून देतात आणि भाडेकरू राहायला आल्यावर सात दिवसांत त्यावर आपली टिपणं घालून परत करतो. सात दिवस महत्त्वाचे आहेत. किल्ली घेताना कोणाला दिसणार आहे की मागच्या खोलीतलं सॉकेट मेलेलं आहे? ते तिसऱ्या दिवशी चार्जर लावल्यावर कळतं.

शेवंती
माझा प्रश्न जरा तिरका आहे. आम्ही तिघी मिळून घर घेतलं होतं. मूळ तिघींपैकी मी एकटीच उरले आहे, बाकी दोघींच्या जागी नव्या आल्या. प्रत्येक वेळी नवीने जुनीला तिच्या वाटचं डिपॉझिट दिलं, मालकाकडे हिशेब पहिल्यापासून एकच. शिवाय मधे घर विकलं गेलं, मालक बदलले. नवे मालक म्हणतात, तुमचं डिपॉझिट माझ्याकडे आलंच नाही, जुन्यांना विचारा. जुने फोन उचलत नाहीत. आता?

तळटीप
@शेवंती, दोन गाठी आहेत. मालक बदलण्याची आधी. जर्मनीत यावर थेट तरतूद आहे : घर विकत घेणाऱ्यावर डिपॉझिट परत करण्याची जबाबदारी येते, आणि त्याच्याकडून मिळालं नाही तर जुन्या मालकाला धरता येतं. इतरत्र तुमच्या करारावर आणि तिथल्या कायद्यावर अवलंबून. पण नव्या मालकाने तुमच्याशी नवा करार केलाय का? त्यात डिपॉझिटची रक्कम लिहिलेली आहे का? असेल तर 'माझ्याकडे आलंच नाही' हे त्यांचं आणि जुन्या मालकांचं आपसातलं प्रकरण. सही करून रक्कम मान्य केली आहे.

मैत्रिणींची गाठ तुम्हालाच सोडवावी लागेल. करारावर आत्ता ज्यांची नावं आहेत त्यांनाच मालक ओळखतो. बाहेर पडण्याआधी तिघींनी लिहून ठेवा की कुणाचा वाटा किती आणि पैसे कुणाच्या खात्यात यायचे. एकीच्या खोलीतलं नुकसान तिघींच्या डिपॉझिटमधून जातं, हेही त्यातच आलं.

शेवंती
नवा करार झालाय आणि रक्कम लिहिलेली आहे! हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तुमचे खूप आभार. बाकी दोघींना धागा पाठवते.

खटपट्या
उंबरठा, रिकाम्या घराच्या फेरीबद्दल राहिलं होतं. दिवसाउजेडी करा, वीज तोडण्याच्या आधी. दिवे-पंखे लावून, नळ सोडून, फ्लश ओढून, गीझर तापवून व्हिडिओ घ्या, कारण यादीत 'चालू स्थितीत' असं लिहिलंय आणि चालू असणं नुसत्या फोटोत दिसत नाही. प्रत्येक खोलीचा आधी दारातून पूर्ण फोटो, मग दोषाचा जवळून. नुसता जवळून घेतलेला ओरखडा कुठल्या घरातला आहे हे कुणालाच कळत नाही. कपाटांच्या आतून, ओट्याखालून, फ्रिजच्या जागी फरशीवर गंजाचं कडं उमटलं असेल तर तेही. विजेचं आणि गॅसचं मीटर आकडा वाचता येईल असं.

किल्ल्यांची पोच घ्या. मूळ किती, नंतर करून घेतलेल्या किती, मेन गेटची, लेटरबॉक्सची. किल्ल्या हातात पडेपर्यंत ताबा तुमचाच धरला जाऊ शकतो, आणि मग भाड्याचं मीटर चालू. 'वॉचमनकडे ठेवल्यात' हे उत्तर नाही.

गणिती
आणि पंखे? मालकांनी परवानगी दिल्याचा मेसेज असेल, खरेदीची पावती असेल, तर पंखे तुमचे. नेणार असाल तर आधीचे जुने पंखे कुठे गेले हा प्रश्न येईल. यादीत पंखे आहेत आणि छताला नुसते हुक दिसले तर मालकांचं म्हणणं रास्त ठरेल.

उंबरठा
जुने पंखे माळ्यावर आहेत, एक फिरतो, एक नुसता गुरगुरतो. मी असा विचार केलाय की नवे पंखे इथेच सोडावेत आणि ट्रॉल्यांच्या चाकांच्या बदल्यात धरायला सांगावं.

मालकांना पाठवायचा मजकूर असा लिहिलाय, बघा बरं :

'काका, नमस्कार. परवा आपण रंग, ट्रॉल्या आणि दाराबद्दल बोललात, त्याबद्दल माझं म्हणणं लिहून पाठवतो. रंग आम्ही आल्यापासून झालेला नाही, त्यामुळे तो नेहमीच्या वापराचा भाग धरावा अशी विनंती. दाराबद्दल तेव्हाच कळवलं होतं, तो मेसेज सोबत जोडला आहे. ट्रॉलीची दोन चाकं आमच्या वापरात गेली आहेत. ती मी बदलून देतो, किंवा आम्ही लावलेले दोन्ही पंखे त्या बदल्यात इथेच ठेवतो, आपल्याला जे सोयीचं असेल ते. सामान हलवण्याआधी एकदा सोबत घर बघावं आणि यादी आजच्या स्थितीप्रमाणे नव्याने लिहून दोघांनी सही करावी. यापलीकडे काही कपात वाटत असेल तर वस्तू आणि रक्कम कळवावी. उरलेलं डिपॉझिट किल्ल्या देण्याच्या दिवशीच मिळावं, खात्याचा तपशील खाली देत आहे.'

मालकीण
चांगलं आहे, सूर बिघडलेला नाही. तीन बदल सुचवते. 'विनंती' आणि 'धरावा' रंगाच्या वाक्यातून काढा. 'रंग नेहमीच्या वापराने जुना झाला आहे, त्याची कपात लागू होत नाही' असं सरळ लिहा. बाकी ठिकाणी विनंती राहू दे. दुसरं, दाराच्या मेसेजची तारीख मजकुरातच घाला, जोडलेलं कुणी उघडत नाही. तिसरं, 'जे सोयीचं असेल ते' असं मोकळं सोडू नका, उत्तरासाठी तारीख द्या. आम्ही मालक लोक मोकळ्या प्रश्नाला 'हो बघतो पावसाळ्यानंतर' म्हणतो, तुम्हाला अनुभव आहेच.

अवलिया
पंखे सोडू नका हो. गुरगुरणारा लावून द्या!

उंबरठा
@मालकीण, तिन्ही बदल करून आत्ता पाठवलं. रविवारपर्यंत उत्तर द्या म्हटलंय. @अवलिया, :) माळ्यावरून दोन्ही खाली काढलेत, पुसून ठेवतो. काका पंखे नको म्हणाले तर तेच परत चढवायचे आहेत.